पहिली तीन वर्षे आणि सोबतचा माणूस

महाराष्ट्रात नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. वर्ग तोच, फळा तोच, हजेरीपत्रक तेच. फरक असतो तो मानधनात आणि मनातल्या धाकधुकीत. २००० साली ही योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिकला महिना ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५,००० रुपये मिळत. पुढे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले आणि दशकभर तिथेच अडकून राहिले. १ जानेवारी २०२३ पासून हे आकडे १६,०००, १८,००० आणि २०,००० असे आहेत. ही वाढ कोणी आपणहून दिलेली नाही. त्यामागे संघटनांची वर्षानुवर्षांची निवेदने, धरणी, आझाद मैदानातले मुक्काम आणि न्यायालयातल्या याचिका आहेत.

तरीही संघटनेपासून सगळ्यांत लांब राहतो तो शिक्षण सेवकच. "अजून कायम झालो नाही, उगीच डोळ्यांवर कशाला यायचं?" हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या केजच्या पंचायत समितीच्या आवारात, अंबाजोगाईला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत, केंद्रातल्या शिक्षण परिषदेत कुठेही ऐकू येते. ही भीती मला समजते, पण तिच्यामागचा हिशेब उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. कायम झालेल्या शिक्षकाकडे अनुभव असतो, ओळखी असतात, सेवेची सुरक्षितता असते. यातले काहीच ज्याच्याकडे नाही, त्यालाच सोबतीची गरज सर्वांत जास्त असते. ही सोबत मागणे म्हणजे बंडखोरी नव्हे. आपल्या कायद्यांनी आणि नियमांनी तिच्यासाठी जागा ठेवलेली आहे, आणि या प्रकरणात मला ती जागाच दाखवायची आहे.

खाजगी शाळांपासून सुरुवात करू. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ चा आहे आणि त्याखालची नियमावली १९८१ ची. शिक्षकांच्या बोलण्यात ही 'एमईपीएस' किंवा नुसतीच 'सेवाशर्ती नियमावली' असते. तिच्या नियम ३६ प्रमाणे शिक्षकावर गंभीर आरोप ठेवून चौकशी करायची असेल तर संस्थेला तीन जणांची समिती नेमावी लागते. एक सदस्य संस्थेचा. एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. आणि एक सदस्य आरोप झालेल्या शिक्षकाने स्वतः सुचवलेला, जो कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी असू शकतो. म्हणजे केजच्या शाळेतल्या चौकशीत धारूरच्या किंवा माजलगावच्या शाळेतला जाणता शिक्षक तुमच्या बाजूने समितीत बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो, अहवालावर आपले मत नोंदवू शकतो.

हे नाव कोणाचे द्यायचे, हा प्रश्न नव्या शिक्षकासमोर ज्या दिवशी उभा राहतो, त्या दिवशी त्याला संघटनेचा अर्थ कळतो. आरोपांचे निवेदन हातात पडल्यावर लेखी खुलाशाला सात दिवस असतात. तेवढ्यात नियमावली वाचलेला, संस्थाचालकांपुढे न दबणारा आणि आपल्यासाठी सुट्टी काढून यायला तयार असलेला माणूस शोधायचा कुठे? संघटनेच्या जिल्हा शाखेत असे चार-दोन लोक बहुतेक असतातच. त्यांनी आधी अशा चौकश्या पाहिलेल्या असतात. साक्षीदाराला कधी थांबवायचे, कोणता कागद मागायचा, कामकाजाच्या नोंदीवर सही करण्यापूर्वी काय वाचायचे, हे त्यांना ठाऊक असते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वेगळे नियम लागू आहेत. वर्तणुकीसाठी १९६७ चे, शिस्त व अपिलासाठी १९६४ चे. तिथेही विभागीय चौकशीत सहकारी कर्मचाऱ्याचे साहाय्य घेता येते; त्याला बचाव साहाय्यक म्हणतात. ब्रिटनमध्ये हाच विचार १९९९ च्या कायद्यात आला. शिस्तभंगाच्या सुनावणीला कामगाराने आपला सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी सोबत न्यावा, हा तिथे त्याचा हक्क आहे. माणूस एकटा बसला की उत्तरे चुकतात, एवढे साधे शहाणपण या तरतुदींमागे आहे.

शिक्षकांच्या संघटना कारखान्यातल्या युनियनसारख्या का चालत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. त्याचे उत्तर गोव्यातल्या एका खटल्यात आहे. तिथल्या एका खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये कामावरून कमी केले गेले. तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये 'सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार' या निकालात न्यायालयाने सांगितले की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' ठरत नाही. त्यामुळे कामगार न्यायालयाचा दरवाजा शिक्षकाला बंद आहे. संघटना बांधण्याचा हक्क मात्र घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने सर्वांना दिला आहे. म्हणून शिक्षक संघटनांचे काम निवेदन, शिष्टमंडळ, पाठपुरावा, शाळा न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय या वाटांनी चालते. खाजगी शाळेतून बडतर्फ केलेल्या किंवा सेवा संपवलेल्या शिक्षकाने १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करायचे असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची वाट विभागीय आयुक्तांकडे आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जाते. राज्य कर्मचाऱ्यांसाठी असलेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) त्याच्यासाठी नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे मुदती निघून जातात.

या भागाला शिक्षक आणि संघटना यांचे नाते नवे नाही. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले ते नंतर. त्याआधी ते कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्यासोबत काम करत होते. तिथून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक म्हणून आले. केजपासून तासाभराच्या आत असलेल्या गावात, निजामाच्या राज्यात, कामगार संघटनेत घडलेला माणूस मुलांना शिकवत होता. पुढे राज्य झाल्यावर संघटनाही राज्यभर पसरल्या. भा. वा. शिंपी गुरुजींनी १९६२ मध्ये स्थापन केलेली प्राथमिक शिक्षक समिती, प्राथमिक शिक्षक संघ, शिक्षक परिषद, शिक्षक भारती, माध्यमिककडे मराठवाडा शिक्षक संघ, अशी नावे आज कोणत्याही शिक्षकाच्या कानावर पडतात.

आता प्रत्यक्ष मदत कशी होते ते पाहू. त्यासाठी केज तालुक्यातला एक नेहमीचा प्रसंग घेतो.

समजा, जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन बाहेरच्या जिल्ह्यातून एक तरुण शिक्षिका इथे रुजू झाली. ३० सप्टेंबरला पटावर २८ मुले होती. दसरा-दिवाळीनंतर गावातल्या कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड जोडप्यांना, उचल मिळालेली असते, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, आणि मुलेही आईबापांबरोबर जातात. डिसेंबरमध्ये अधिकारी अचानक भेट देतात तेव्हा वर्गात ११ मुले दिसतात. शेरेबुकात शेरा पडतो आणि आठवड्यात कारणे दाखवा नोटीस येते. उपस्थिती कमी का, प्रयत्न का केले नाहीत, आपल्यावर कारवाई का करू नये?

नवी शिक्षिका अशा वेळी काय करते? एक तर घाबरून "यापुढे चूक होणार नाही, क्षमा असावी" असे लिहून देते. किंवा रागावून चार पाने लिहिते. दोन्ही कागद तिच्या विरुद्धच जातात. क्षमा मागितली की चूक कबूल केल्यासारखे होते, आणि तो कागद फाइलमध्ये कायमचा राहतो.

संघटनेचा जाणता तालुका पदाधिकारी तिला आधी एकच सांगतो: "मॅडम, आज सही करून नोटीस घ्या, पण खुलासा उद्या लिहू. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते सहीखाली लिहा." मग दोघे बसून कागद काढतात. स्थलांतरित कुटुंबांची यादी तयार आहे का? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने कधी पाठवला आणि त्याची पोच कुठे आहे? बाहेरगावी गेलेल्या मुलांना शिक्षण हमी पत्रक दिले का? पालकभेटींची नोंद कोणत्या वहीत आहे? हे सगळे असेल तर खुलासा एका पानाचा होतो: अमुक मुले अमुक तारखेपासून स्थलांतरित, अमुक दिनांकाच्या पत्राने वरिष्ठांना कळवले आहे, प्रती सोबत जोडल्या आहेत. पत्र मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला जातो. आणि यातले काही केलेले नसेल, तर खरा मित्र असलेला पदाधिकारी तेही तोंडावर सांगतो आणि उरलेले काम आधी करायला लावतो.

इथे संघटनेने कोणावर दबाव आणला नाही, मोर्चा काढला नाही. तिने शिक्षिकेला लिहायला शिकवले. निम्म्याहून अधिक प्रश्नांना एवढेच लागते. उरलेल्यांसाठी शिष्टमंडळ गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटते, तिथे सुटले नाही तर बीडला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते, आणि प्रश्न एका शाळेचा नसून शंभर शाळांचा आहे असे दिसले की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर बैठक लागते. ऊसतोडीच्या तालुक्यातला उपस्थितीचा प्रश्न असाच शंभर शाळांचा आहे. एकट्या शिक्षिकेच्या खुलाशाने तो सुटत नाही. हंगामी वसतिगृहे वेळेत, म्हणजे टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावीत ही मागणी संघटनेलाच लावून धरावी लागते.

एक सूचना वाटेत देतो, कारण तिच्यावाचून कितीतरी लोकांचे हेलपाटे होतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात सेवाविषयक आणि आस्थापनेच्या तक्रारी घेतल्या जात नाहीत. पगार, रजा, मान्यता यांचे अर्ज घेऊन तिथे जाऊ नये.

नव्या शिक्षकाच्या दृष्टीने मला सर्वांत धोक्याचे वाटते ते चार्ज घेणे. लहान शाळेत मुख्याध्यापकाचे पद नसते, ज्येष्ठ शिक्षकाची बदली होते आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला तरुण प्रभारी मुख्याध्यापक होतो. उत्साहात तो सही करतो. त्या सहीबरोबर पोषण आहाराचा तांदूळ, डाळ-तेलाचा साठा, बँकेतले खाते, वसतिगृहाच्या जेवणाच्या नोंदी, जुनी बिले, साहित्याची डेडस्टॉक नोंदवही हे सारे त्याच्या नावावर येते. दोन वर्षांनी लेखापरीक्षण होते आणि त्याच्या आधीची तूट त्याच्याकडून मागितली जाते. संघटनेतला कोणताही जुना गुरुजी सांगेल: तांदूळ मोजून घ्या, पासबुक छापून घ्या, चार्जयादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची सही घ्या, जे मिळाले नाही त्यापुढे 'मिळाले नाही' असे स्पष्ट लिहा आणि एक प्रत घरी ठेवा. हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तोंडी परंपरेने चालत आलेले हे ज्ञान संघटनेकडे आहे, आणि माझ्या मते वर्गणीची किंमत एवढ्यानेच वसूल होते.

शाळाबाह्य कामांचेही तसेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकाला देता येतात. याबाहेरचे काम आले तर एकट्या शिक्षण सेवकाने नकार देऊ नये. लेखी आदेश मागावा आणि तो आदेश तालुका शाखेकडे द्यावा. नकार द्यायचा की नाही, हे मग सगळे मिळून ठरवतात आणि सगळ्यांच्या सहीने कळवतात.

खाजगी संस्थांत आणखी एक जुनी खोड आहे. नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर सही किंवा बिनतारखेचा राजीनामा लिहून घ्यायचा. हे इतके होत आले असावे की १९७७ च्या कायद्याने राजीनाम्यासाठी स्वतंत्र कलम ७ ठेवले. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत तयार करायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नव्या शिक्षकाकडून असा कागद आधीच घेतला गेला असेल तर त्याने लाजून गप्प बसू नये. कोणत्या दिवशी, कोणासमोर सही दिली हे लिहून ठेवावे आणि संघटनेला लगेच सांगावे. कागद वापरला जाण्याच्या आधी सांगितलेले आणि वापरल्यानंतर सांगितलेले यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

परिवीक्षेत असलेल्या शिक्षकाला, काम किंवा वर्तन समाधानकारक नाही या कारणाने, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कमी करता येते, हे त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. पण 'समाधानकारक नाही' हे कशावरून ठरवले, गोपनीय अहवालातले प्रतिकूल शेरे शिक्षकाला कळवले होते का, सुधारण्याची संधी दिली होती का, असे प्रश्न न्यायाधिकरणात विचारले जातात. म्हणून सेवाशर्ती नियमावलीच्या नियम १५ खाली होणाऱ्या मूल्यमापनाचा पहिल्या वर्षाचा अहवाल मागून घ्यावा. शिक्षकाची स्थिती आणि दर्जा यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिफारशी स्वीकारल्या. जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला असतो. त्या शिफारशींत परिवीक्षेचा काळ हा नव्या शिक्षकाला उत्तेजन देण्याचा आणि कामात रुळवण्याचा काळ मानावा असे म्हटले आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा धाक घालण्याचा काळ असतो, आणि हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. मार्च २०२५ मध्ये केज तालुक्यातल्या केळगावच्या आश्रमशाळेत काम करणाऱ्या एका शिक्षकाने बीड शहरात आपले आयुष्य संपवले. त्याआधी त्याने समाजमाध्यमावर आपल्या लहान मुलीला उद्देशून लिहिले होते. अठरा वर्षे शिकवूनही पगार मिळाला नाही, अशी ती व्यथा होती. तालुक्यातच नव्हे तर राज्यभरातल्या विनाअनुदानित शिक्षकांना तो मजकूर आपलाच वाटला. एखाद्या माणसाच्या मृत्यूचे एकच कारण सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण बिनपगारी शिक्षकीचे वास्तव झाकूनही चालणार नाही.

२००९ मध्ये 'कायम विनाअनुदानित' या शब्दांतला 'कायम' काढला गेला. त्यानंतर शाळांचे मूल्यांकन, वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे, घोषित-अघोषित याद्या आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावरचे आंदोलन असा क्रम सुरू झाला. 'पुढच्या वर्षी अनुदान येईल' या एका वाक्यावर लोकांनी उमेदीची वर्षे काढली. शेतात राबून, शिकवण्या घेऊन, मोबाइलच्या दुकानात बसून घर चालवले.

नव्या उमेदवाराला संघटना इथे सर्वांत मोठी मदत रुजू होण्याआधी करू शकते. ज्या पदावर घेत आहेत ते संचमान्यतेत मंजूर आहे का? अनुदानित आहे का, कितव्या टप्प्यावर? बिंदुनामावली तपासली आहे का? भरती पवित्र पोर्टलवरून आहे का? वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव कोण, कधी पाठवणार? आश्रमशाळा असेल तर ती कोणत्या विभागाची, इतर मागास बहुजन कल्याणची, समाजकल्याणची की आदिवासी विकासची? कारण शिक्षण विभागात चालणारी तक्रार तिथे चालत नाही. कार्यालय वेगळे, अधिकारी वेगळे. जिल्हा शाखेतला माणूस ही माहिती काही दिवसांत काढून देतो, आणि नाही निघाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज ३० दिवसांत उत्तर मिळवून देतो. नोकरीसाठी संस्थेला लाखो रुपये देणगी म्हणून मोजण्यापूर्वी हे दिवस थांबावे. २०२५ मध्ये नागपुरात वेतनासाठीच्या बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण बाहेर आल्यावर राज्यभर नियुक्ती आणि मान्यतेचे कागद पुन्हा मागितले गेले. ज्यांच्याकडे मूळ जाहिरातीपासूनचे सारे कागद जपून ठेवलेले होते ते निर्धास्त राहिले.

पद मंजूरच नसेल तर संघटना पगार आणून देऊ शकत नाही. हे पदाधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे. खोटी आशा दाखवणारा नेता संस्थाचालकाइतकाच नुकसान करतो. अशा शाळेतून बाहेर पडणाऱ्यासाठीही काही उरते. ग्रॅच्युइटीचा कायदा २००९ च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांनाही लागू झाला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षे सलग पगारी सेवा झालेल्या खाजगी शाळेतल्या शिक्षकाने हा दावा सोडू नये.

आणि मन खचले असेल तर ते आधी कोणाला तरी सांगा. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलतो. प्रत्येक केंद्रात संघटनेचा एक माणूस असा असावा की ज्याला कोणता शिक्षक गप्प गप्प झाला आहे हे कळते. पगाराच्या निवेदनाइतकेच हे संघटनेचे काम आहे, आणि केजमधल्या संघटनांनी ते आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर वरच्या ओळीत घ्यावे असे मी आग्रहाने म्हणतो.

शिक्षिकांचे प्रश्न अजूनही बैठकीत शेवटी येतात. वस्तीवरच्या शाळेत दोनच शिक्षक, दुसरा वरिष्ठ पुरुष, आणि त्रास त्याचाच, अशा वेळी ती कुणाला सांगणार? लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावी लागते. जिथे तेवढे कर्मचारी नाहीत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. संघटनेत महिला आघाडी नावापुरती आहे की तिच्यातल्या एखाद्या मॅडमना रात्री फोन करता येतो, हे नव्या शिक्षिकेने सभासद होण्याआधी पाहावे.

संघटना निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण त्यांच्यातही उणिवा आहेत. एकाच तालुक्यात पाच-सहा संघटना, एकाच नावाचे दोन-तीन गट, पतसंस्थेच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध पॅनेल, बदल्यांच्या काळात आपल्या जवळच्यांसाठी धावपळ. हे पाहून तरुण विटतात आणि ते स्वाभाविक आहे. मी त्यांना एवढेच सांगेन की अध्यक्षाचे भाषण ऐकून पावती फाडू नका. आपल्या केंद्रातल्या मागच्या वर्षी लागलेल्या शिक्षण सेवकाला विचारा, तुझ्या अडचणीत कोण आले होते? ज्याचे नाव दोन-तीन जणांच्या तोंडून येईल, तो ज्या संघटनेत असेल तिथे जा. आणि पावती जपून ठेवा.

संपाचा प्रश्न निघतोच. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, २० मार्चला संप मागे घेतला गेला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांचा हा प्रश्न म्हणजे आजच्या प्रत्येक नव्या शिक्षकाचा प्रश्न आहे. पण संप हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या रंगराजन निकालात म्हटले आहे आणि सेवानियमही त्याला मनाई करतात. परिवीक्षेतल्या शिक्षकाने संपात जावे की नाही, याचे उत्तर घोषणेत शोधू नये. चांगली संघटना शिक्षण सेवकांना यात वेगळे ठेवते, त्यांना धरणे आणि निवेदनात सुट्टीच्या दिवशी सामावून घेते. जी ठेवत नाही, तिला हा प्रश्न बैठकीत उभे राहून विचारावा.

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाचीही नीट माहिती हवी. त्या मतदारसंघात माध्यमिकच्या खाली नसलेल्या शाळेत किमान तीन वर्षे शिकवणाऱ्यालाच मत असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला ते नाही, आणि माध्यमिकच्या शिक्षण सेवकालाही अजून नाही. परिषदेत ७८ पैकी सात आमदार शिक्षकांचे आहेत, पण ज्यांना मत नाही त्यांचे प्रश्न या आमदारांच्या टेबलावर आपोआप जात नाहीत. ते संघटनेनेच नेऊन ठेवावे लागतात.

तीन वर्षे पूर्ण होत आली की शेवटचे काम उरते ते नियमित वेतनश्रेणीच्या आदेशाचे. तो त्या तारखेला आपोआप हाती येत नाही. जात वैधता, चारित्र्य पडताळणी, शैक्षणिक कागदांची पडताळणी, गोपनीय अहवाल, सगळे पूर्ण असल्याशिवाय फाइल हलत नाही. आणि एका शिक्षकाची एक त्रुटी निघाली की कधी कधी पूर्ण यादी थांबते. म्हणून अडीच वर्षे झाली की तालुक्यातल्या आपल्याबरोबर लागलेल्या सगळ्यांची एकत्र बैठक तालुका शाखेने घ्यावी. कोणाचे काय राहिले ते तिथेच कळते. ज्याची वैधता समितीकडे अडकली आहे त्याच्यासाठी वेगळे पत्र निघते, बाकीच्यांचा प्रस्ताव पुढे जातो. आदेश मिळाल्यावर सेवापुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी, नोंदीखाली अधिकाऱ्यांची सही आहे ना ते पाहावे, आणि दुय्यम सेवापुस्तकातही तीच नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.